अबू गायबचं कुलूप

चासिब मुतशरला चासिब म्हणून हाक मारणारी दोनच ठिकाणं उरली होती: एक हजेरीपत्रक आणि दुसरी त्याची थोरली बहीण. बाकी सगळं पंपस्टेशन त्याला अबू गायब म्हणे.

बसऱ्याकडे माणूस बाप झाला की त्याचं स्वतःचं नाव मागं पडतं आणि पोराच्या नावानं तो ओळखला जातो. सरमदचा बाप तो अबू सरमद. पोर झालंच नाही, तर लोक त्यासाठी अडून बसत नाहीत. जो आला नाही त्याचंच नाव गायब ठेवतात आणि बापाला अबू गायब करून मोकळे होतात. यात कुचेष्टा थोडी, सोय जास्त. लग्नानंतरची काही वर्षं चासिबला सगळे अबू मुतशर म्हणायचे, कारण पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं हे ठरलेलंच असतं. मग एके दिवशी कँटीनवाल्यानं भर दुपारी हाक दिली, "अबू गायब, तुझा चहा!" चासिबनं चहा घेतला. झालं बारसं.

त्याची बायको फखरिया मात्र वर्षभर भांडली. कुणी शेजारीण तिला उम्म गायब, म्हणजे गायबची आई म्हणाली, की ती तोंडावर दार लावून घ्यायची. पुढं कधीतरी तिनं दार लावणं सोडलं. का सोडलं ते चासिबनं विचारलं नाही. त्या घरात काही गोष्टी न विचारता बऱ्या चालत.

चासिबचं काम रिलेचं. जमिनीखालचं तेल वर यावं म्हणून पाणी आत ढकलणारे आठ मोठे पंप त्या स्टेशनात होते, आणि त्यांना लागणारी अकरा हजार व्होल्टची वीज लोखंडी कपाटांच्या एका लांब रांगेतून जायची. प्रत्येक कपाटात वीज तोडणारा एक ब्रेकर आणि त्या ब्रेकरवर नजर ठेवणारा एक रिले. कुठं गडबड झाली तर ब्रेकर किती वेळात पाडायचा, हे चासिब ठरवी. सगळ्यांच्या वरचा जो मुख्य रिले, तो लगेच पाडत नाही. एकत्र कुटुंबातल्या थोरल्यासारखा चार दशांश सेकंद थांबतो. धाकट्यांनी आपलं आपण निस्तरलं तर उत्तम, नाहीतर मग हात घालतो. त्यामुळे एक पंप बिघडला तरी बाकीचे सात चालू राहतात.

अडचण एवढीच, की उघड्या कपाटासमोर माणूस उभा असेल तर चार दशांश सेकंद फार होतात. तेवढ्यात तांब्याची वाफ होते, आणि माणूस काही तांब्यापेक्षा कणखर नसतो. "चार दशांश म्हणजे जाळाला जेवणाची सुट्टी," असं चासिब म्हणे. ज्यानं त्याला हे काम शिकवलं तो माणूस नऊ दिवस इस्पितळात होता आणि दहाव्या दिवशी नव्हता. तेव्हापासून चासिबनं मागं लागून लागून मुख्य पॅनेलवर एक पिवळी किल्ली बसवून घेतली होती. किल्ली फिरवली की मुख्य रिले थांबायचं विसरे. कपाटात कुणी काम करत असेल तर किल्ली फिरवायची. काम संपलं की परत. पण फिरवलेल्या अवस्थेत एखाद्या पंपानं सुरू होताना जरा जास्त वीज ओढली, तरी मुख्य ब्रेकर पडून सगळं स्टेशन बसायचं. तसं ते वर्षातून दोनदा तरी बसे, आणि स्टेशनप्रमुख हाजी फालिह यांच्या नाकी नऊ येत.

"अबू गायब, परत फिरवलीस ती किल्ली?"

"फिरवली, हाजी. कपाटात माणूस होता."

"कोण माणूस?"

"मी."

"मग तू लवकर बाहेर यायचं की! आता वर काय सांगू मी? आठ पंप बसले, कारण अबू गायबला भीती वाटते?"

"असंच सांगा. खरंच आहे ते."

एकदा हाजींनी रागाच्या भरात किल्ली आपल्या हातानं सरळ केली होती. त्यावर चासिब तीन आठवडे त्यांच्याशी बोलला नाही, आणि सलामाला उत्तर म्हणून फक्त रिलेची नोंदवही पुढं करत राहिला. शेवटी हाजींनीच फर्मान काढलं: अबू गायबच्या किल्लीला कुणी हात लावायचा नाही.

तऱ्हा आणखीही होत्या. जाळ न धरणारा जाडजूड कोट आणि काचेचा टोप तो कामाआधी चढवी, ते कपाटाचा शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत उतरवत नसे. बसऱ्याच्या जुलैत हे करायचं म्हणजे तंदुरात रजई पांघरून बसायचं. मोबाइल आणि वायरलेसच्या लहरींनी रिले भरकटतो, म्हणून दोन्ही वस्तू चहाच्या खोलीत खुंटीला टांगून आत जायचं, हाही त्याचाच नियम. तसा बोर्डही त्यानं दारावर लावला होता.

तो सोमवार जुलैचाच होता. सहा नंबरच्या पॅनेलमागची वीज मोजणारी गुंडाळी बदलायची होती. चासिबनं ब्रेकर बाहेर ओढला, त्यावर आपलं लाल कुलूप, सतरा नंबरचं, अडकवलं आणि 'अबू गायब' अशी चिठ्ठी बांधली. हे कुलूप दिसतंय तोवर कुणी वीज सोडायची नाही. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी म्हणून आतल्या केबलला त्यानं तीन चिमटे लावले, पिवळी किल्ली फिरवली, फोन खुंटीला टांगला, कानात बोळे घातले, टोप चढवला आणि मागच्या बोळात शिरला. ड्यूटीवर ब्रेकर सांभाळणारा ऑपरेटर अबू सरमद होता. त्यानं चाळीस किलोमीटरवरच्या कंट्रोल रूमला वायरलेसवरून कळवलं, "सहा नंबर बंद. कुलूप सतरा, अबू गायबचं."

तिथल्या कारकुनानं ते टाइप केलं. पडद्यावरचा रकाना अरुंद होता, 'अबू' मावेना. मग यादीत नोंद राहिली ती अशी: सहा, कुलूप सतरा, गायब.

नऊ वाजता कंट्रोल रूमची पाळी बदलली आणि खुर्चीवर इंजिनिअर सिनान बसला. बगदादहून येऊन त्याला तीन दिवस झाले होते. पोरगा हुशार, नम्र, नियमाचा पक्का. उंटावरून शेळ्या हाकण्याचं काम आमच्याकडे आता पडद्यावरून चालतं, एवढाच फरक. साडेदहाच्या सुमारास पाण्याचा दाब उतरू लागला आणि सहा नंबर का बंद, अशी वरून विचारणा झाली. सिनाननं यादी पाहिली. कुलूपवाला: गायब. आता हे नाव की हजेरी, हे कळायला मार्ग नव्हता. पण दोन्हीला नियम एकच होता. मोबाइल लावा; उचलला नाही तर घरी फोन करा; माणूस घरी निघून गेल्याची खात्री झाली तर कुलूप कापा. मोबाइल चहाच्या खोलीत खुंटीवर वाजत राहिला. मग सिनाननं सतरा नंबरच्या कुलपापुढं लिहिलेला घरचा नंबर फिरवला, आणि चार मिनिटांनी त्याचा आवाज अबू सरमदच्या वायरलेसवर आला.

"सहा नंबरचं कुलूप कापा. कुलूपवाला घरी गेलाय."

"घरी? उस्ताद, सकाळी तर इथंच होता तो."

"मी स्वतः घरी फोन केला. घरच्या बाई म्हणाल्या, जेवतोय."

अबू सरमद विचारात पडला. फखरियाला तो वीस वर्षं ओळखत होता. मासळीवाल्याला शिळं पापलेट तोंडावर शिळं म्हणणारी बाई, ती खोटं कशाला बोलेल? तरी त्यानं मागच्या बोळाच्या दारात जाऊन एकदा हाक मारली, "अबू गायब!" आत पंखा घरघरत होता. उत्तर आलं नाही. गायबच्या बापानं ओ दिली नाही, यात अबू सरमदला काही विशेष वाटलं नाही. पिवळी किल्ली फिरवलेली दिसली. विसरून गेला असेल म्हणाला, आणि फर्मान आठवून तिला हात लावला नाही. कुलूप कापलं, ब्रेकर आत ढकलला आणि नियमाप्रमाणे खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. सिनाननं चाळीस किलोमीटरवरून बटण दाबलं.

चासिबला नंतर एवढंच नीट आठवलं, की आवाज आधी आला नाही. आधी उजेड आला. तीन चिमट्यांतला एक उडाला आणि त्याच्या जागी जाळ उभा राहिला. मग सगळं बंद झालं. पंखा, दिवे, चालू असलेले सातही पंप, सगळं.

तो आपल्या पायांनी बाहेर आला. टोपाची काच करपून तपकिरी झाली होती. मोजा आणि बाही यांच्या मधल्या दोन बोटं जागेत डावं मनगट भाजलं होतं. कानात फक्त शिट्टी वाजत होती. तो आधी मुख्य रिलेपाशी गेला आणि बॅटरीवर लुकलुकणारा आकडा वाचला: एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले अडुसष्ट. एवढ्या वेळात रिलेनं पाहिलं होतं आणि ब्रेकर पाडला होता. किल्ली सरळ असती तर आकडा साडेचारशेच्या घरात गेला असता आणि तो वाचायला दुसऱ्या कुणाला यावं लागलं असतं. हाजी फालिह धावत आले आणि त्याचे खांदे धरून ओरडू लागले. चासिबला काही ऐकू येत नव्हतं. पंपांबद्दलच असणार असं धरून तो म्हणाला, "फिरवली होती, हाजी. कपाटात माणूस होता." अबू सरमदनं पुढं सांगितलं, की हाजी पंपांबद्दल एक अक्षरही बोलले नव्हते.

दोन दिवसांनी ऐकू यायला लागलं तेव्हा चासिबनं अबू सरमदलाच विचारलं, "मी घरी गेलो म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोनं," अबू सरमद म्हणाला, आणि रडायला लागला.

चासिबला ते पटलं नाही. पण घरी फखरिया बोलत नव्हती, हे खरं. एरवी तिचं तोंड सकाळच्या अजानपासून चालू असायचं. आता ती त्याच्या भाकरीचे तुकडे करून पुढ्यात ठेवी, मनगटाची पट्टी बदले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसे. चासिबनं विचारलं नाही. विचारायची भीती वाटली, आणि या वेळी किल्लीही नव्हती.

नवव्या दिवशी चौकशी समिती बसली. बगदादहून दोन साहेब आले होते. लिहून घ्यायला हाजी फालिह, कारण स्टेशनात वाचता येईल असं अक्षर त्यांचंच. कोपऱ्यात सिनान बसला होता. नऊ दिवसांत त्याचं वजन निम्मं झाल्यासारखं दिसत होतं. कंट्रोल रूमचे सगळे फोन टेप होतात. थोरल्या साहेबांनी टेप लावली.

"हॅलो, मी कंट्रोल रूममधून बोलतोय. गायब घरी आहे का?"

टेपवर बराच वेळ नुसती खरखर चालली. धाकट्या साहेबांनी मशीन बंद पडलं समजून त्यावर टिचकीही मारली. मग फखरियाचा आवाज आला.

"आहे. जेवतोय."

"त्याला जरा फोनवर बोलावता?"

"आत्ताच तर बसलाय पानावर. जेवताना नको उठवायला."

"बरं. आज परत कामावर येईल का?"

"नाही. बाहेर ऊन बघा किती आहे. आज मी त्याला कुठं पाठवत नाही."

टेप संपली. चासिब त्या आवाजाकडे पाहत राहिला, म्हणजे मशीनकडे. पंचवीस वर्षांच्या संसारात तिचे सगळे आवाज त्याला ठाऊक होते. हा त्यानं कधी ऐकला नव्हता.

"हे गंभीर आहे," थोरले साहेब म्हणाले. "या बाईंनी खोटी माहिती दिली. माणूस मेला असता. आम्हाला पोलिसांत कळवावं लागेल, त्यांना चौकीवर बोलावलं जाईल. त्याआधी तुम्हाला एकच विचारतो. चासिब मुतशर, गायब नावाचं कुणी तुमच्या घरी राहतं?"

चासिबनं जन्मात नोंदवहीत चुकीचा आकडा लिहिला नव्हता. खोलीत एअरकंडिशनर ठिबकत होता. हाजी फालिह कागदावर पेन टेकवून बसले होते, आणि त्यांना ते घर चांगलंच माहीत होतं. दर ईदला ते तिथं जेवत.

"राहतो," चासिब म्हणाला. "माझा मुलगा."

साहेबांनी फाइल चाळली. "रेशनकार्डावर दिसत नाही."

"अजून चढवला नाही."

साहेबांनी चष्म्यावरून हाजींकडे पाहिलं. "तुम्ही ओळखता का या मुलाला?"

हाजींनी वर पाहिलं नाही. "ओळखतो की. चांगला पोरगा आहे. जरा बुजरा." मग त्यांनी पेन सरकवलं. "वयाचा रकाना आहे. वय?"

"बावीस," चासिब म्हणाला. विचार करायच्या आतच तोंडून गेलं.

थोरल्या साहेबांनी फाइल मिटली. त्यांना कळलं की नाही कोण जाणे. न कळण्याइतके ते बगदादचे नव्हते. शेवटी त्यांनी निकाल सांगितला आणि हाजींनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला: इंजिनिअरनं गायब घरी आहे का असं विचारलं. गायबच्या आईनं गायबबद्दल खरं ते सांगितलं. प्रश्न चुकीच्या माणसाबद्दल होता. उत्तरात दोष नाही. रकाना रुंद करावा. यापुढं चिठ्ठीवर पूर्ण कायदेशीर नाव लिहावं. (त्याच आठवड्यात स्टेशनात अली हुसेन अली नावाचे पाच जण निघाले आणि चिठ्ठीवर फोटो चिकटवायची वेळ आली, ती गोष्ट वेगळी.) सिनान जाताना चासिबपाशी येऊन उभा राहिला. चासिबनं त्याच्या पाठीवर उजवा हात ठेवला.

घरी फखरियानं भेंडीचा रस्सा आणि भात वाढला.

"टेप ऐकवली त्यांनी," चासिब म्हणाला.

तिचा पळी धरलेला हात थांबला. "मी मारलं असतं तुम्हाला."

"किल्ली होती."

"नसती तर?"

"होती."

ती खाली बसली. म्हणाली, "तो पोरगा इतकं साधं विचारत होता हो. टिंगल नव्हती त्याच्या आवाजात. कुणाच्याही पोराची चौकशी करावी तसं, गायब घरी आहे का. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. माझ्यानं नाही म्हणवेना."

"मीही नाही म्हटलं नाही," चासिब म्हणाला. "लिहून घेतलंय त्यांनी. हाजींनी वयसुद्धा लिहिलं. बावीस."

फखरियानं कपाळाला आठ्या घातल्या. "बावीस कुठले? एकवीस. यंदाचा रमजान उलटला की बावीस."

चासिबचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं तो एकटाच मोजतोय असं त्याला वाटत होतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. फखरियानं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या रश्श्यात बुडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या तासभर आधी तो हाजी फालिह यांच्या दारात उभा राहिला. कागद अजून बगदादला गेला नव्हता.

"आता काय?" हाजी म्हणाले.

"वयाचा आकडा चुकलाय. एकवीस पाहिजे."

हाजींनी टेबलाचा खण उघडला. कागद काढला, बावीसवर एक रेघ मारली, वर एकवीस लिहिलं आणि शेजारी सही केली.

"आईला विचारलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "बापांना कधी पोरांची वयं पाठ नसतात."